सेनापती हवाय ना? मग कार्देनास पूर्ण सांगू द्या: वक्तृत्व स्पर्धांच्या आयोजकांना खुलं पत्र

प्रति,
राज्यभरातल्या आंतरशालेय व आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धांचे आयोजक, विषय ठरवणाऱ्या समित्या आणि माझे सहपरीक्षक यांस,

सप्रेम नमस्कार वि. वि.

गणपती उरकले की तुमची पत्रकं यायला लागतात. यादीतले दोन-तीन विषय ठरलेलेच असतात. मोबाइल शाप की वरदान, आजची स्त्री, आणि 'देशाला आज सेनानी हवा' किंवा त्याच जातकुळीतलं काहीतरी. पहिल्या दोघांना माझा दुरूनच रामराम. तिसऱ्याबद्दल मात्र लिहिल्यावाचून राहवत नाही.

या विषयावर मुलं अमेरिकेचा वॉशिंग्टन घेतात, दक्षिण अमेरिकेचा बोलिव्हार घेतात, तुर्कस्तानचा अतातुर्क घेतात. नायक घोड्यावर बसतो, तलवार उपसतो, देश स्वतंत्र होतो, मूठ हवेत जाते, टाळ्या पडतात. पण तोच माणूस राष्ट्रप्रमुख झाल्यावर सोमवारी सकाळी कचेरीत जाऊन काय करायचा, कुणाला नेमायचा, कुणाला काढायचा, खुर्ची सोडायची वेळ आल्यावर कसा वागला, याची दोन वाक्यंही भाषणात नसतात. यात मुलांचा काही दोष नाही. आवाजातल्या चढउताराला गुण ठेवलेत आपण, आणि मुलं गुण बघून तयारी करतात.

माझी मागणी छोटी आहे. हा विषय ठेवायचाच असेल तर सोबतच्या नावांमध्ये मेक्सिकोच्या जनरल लाझारो कार्देनासचं नाव घाला, आणि निम्मं भाषण तो सत्तेवर आल्यानंतरचं असावं अशी अट घाला. या माणसाच्या आयुष्यात टाळ्यांच्या जागा हव्या तेवढ्या आहेत. पण प्रत्येक जागेच्या पुढे एक अडचण उभी आहे, आणि ती ओलांडून बोलणं हेच खरं वक्तृत्व, असं मला वाटतं.

मेक्सिको कुठे आणि आपण कुठे, असं समितीतलं कुणीतरी म्हणेलच. त्यांनी वर्ध्याचे डॉ. पांडुरंग खानखोजे आठवावेत. गदर चळवळीतले हे क्रांतिकारक १९२४ मध्ये मेक्सिकोत पोचले आणि चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले. मका आणि गव्हाच्या वाणांवर त्यांनी काम केलं, शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या, आणि दिएगो रिवेरासारख्या चित्रकारानं त्यांना आपल्या भित्तिचित्रात बसवलं. चापिंगो ही मुळात एका माजी राष्ट्राध्यक्षाची जहागीर. मेक्सिकन क्रांतीनंतर तिथं शेतीचं विद्यालय आलं, आणि त्याचं ब्रीद ठरलं की जमिनीतून घ्यायला शिकवायचं, माणसाला पिळायला नाही. कार्देनास राष्ट्राध्यक्ष होता त्या सहा वर्षांत (१९३४ ते १९४०) खानखोजे मेक्सिकोतच होते. १९५५ मध्ये ते परत आले आणि १९६७ मध्ये नागपुरात वारले. एवढा धागा विदर्भातल्या पोराला पुरेसा आहे.

आता मूळ माणूस. २१ मे १८९५ रोजी मिचोआकान प्रांतातल्या हिकिल्पान या गावात जन्म. वडिलांचं छोटं दुकान होतं, त्यातच बिलियर्डचं टेबल. शाळा प्राथमिकच्या पुढे गेली नाही. १९११ मध्ये वडील गेले आणि थोरल्या मुलाच्या गळ्यात संसार आला. वसुली कचेरीत कारकुनी, छापखान्यात खिळे जुळवणं, गावच्या तुरुंगाची किल्ली सांभाळणं, जे मिळेल ते केलं. १९१३ च्या फेब्रुवारीत जनरल उएर्तानं लोकांनी निवडलेल्या मादेरो या राष्ट्राध्यक्षाला उलथवलं आणि त्याचा खून झाला. त्या वर्षी कार्देनास बंडखोरांना जाऊन मिळाला. तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. अक्षर चांगलं म्हणून त्याला सेनापतीच्या पत्रव्यवहारावर बसवलं. (हे शाळेत जरूर सांगा. सुंदर हस्ताक्षराचा एवढा फायदा झालेला दुसरा जनरल मला ठाऊक नाही.)

१९१५ मध्ये तो उत्तरेत प्लुतार्को एलियास काय्येस या सेनानीच्या हाताखाली आला. काय्येस त्याला लाडानं पोऱ्या म्हणायचा. पंचविसाव्या वर्षी, १९२० मध्ये, हा पोऱ्या जनरल झाला. इथवर सगळं भाषणाच्या साच्यात बसतं. पण याच वर्षांत काय्येसच्या हुकमावरून त्यानं सोनोरातल्या याकी आदिवासींविरुद्धच्या मोहिमेतही भाग घेतला, आणि ते लोक आपल्या जमिनीसाठी लढत होते. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्यानंच याकींच्या जमिनीचा मोठा भाग त्यांना परत दिला. मुलांना दोन्ही गोष्टी कळू द्या. एक लपवून दुसरी सांगितली की माणसाचा पुतळा होतो, आणि पुतळे आपल्याकडे पुरेसे आहेत.

१९२३ च्या शेवटी त्याच्याच ओळखीच्या सेनाधिकाऱ्यांनी सरकारविरुद्ध बंड केलं. हालिस्को प्रांतात कार्देनासच्या तुकडीवर छापा पडला, तो जबर जखमी झाला आणि बंडखोर जनरल राफाएल बुएल्नाच्या हाती सापडला. त्या काळच्या रीतीप्रमाणे भिंतीला उभं करून गोळी घालायची. बुएल्नानं त्याला दवाखान्यात पाठवलं. थोड्याच दिवसांत बुएल्ना स्वतः लढाईत मारला गेला. मेक्सिकोत तेव्हा पुढारी अंथरुणात क्वचितच मरायचे. शेतकऱ्यांचा पुढारी सापाता १९१९, कार्रान्सा १९२०, व्हिया १९२३, ओब्रेगोन १९२८, सगळे गोळीनं गेले. हे ध्यानात ठेवा, कारण पुढची एक गोष्ट यावाचून कळत नाही.

ती गोष्ट काय्येसची. १९२४ ते १९२८ तो राष्ट्राध्यक्ष होता, आणि पद सोडल्यावरही खरी सत्ता त्याच्याच हाती राहिली. १९२९ मध्ये त्यानं सगळ्या सुभेदार-सेनापतींना एका छताखाली आणणारा पक्ष काढला. त्यानंतरचे तीन राष्ट्राध्यक्ष नावाला होते, लगाम काय्येसच्या हातात. १९३४ मध्ये कार्देनासची निवड झाली तीही आपला पोऱ्या ऐकेल या हिशेबानं. जिंकणं ठरलेलंच होतं, तरी कार्देनास प्रचाराला निघाला आणि हजारो किलोमीटर हिंडला. रेल्वेनं, मोटारीनं, घोड्यावर, जिथं कुणी उमेदवार पूर्वी फिरकला नव्हता अशा गावांत. पारावर बसून लोकांचं ऐकायचं आणि जवळपास काही बोलायचंच नाही, ही त्याची पद्धत. वक्ता म्हणून तो अगदी सामान्य होता. तुमच्या स्पर्धेत उत्तेजनार्थही मिळालं नसतं.

दीड वर्षात त्यानं आपली माणसं सैन्यात पेरली, कामगार संघटना आणि शेतकरी पाठीशी उभे केले, आणि १९३६ च्या एप्रिलमध्ये एके दिवशी काय्येसला विमानात बसवून अमेरिकेत पाठवून दिलं. खून नाही, खटला नाही, तोफखाना नाही. ज्यानं वाढवलं त्यालाच हाकललं म्हणून काहींनी तेव्हा कृतघ्नपणाचा ठपका ठेवला. मला ते त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात नेटकं काम वाटतं. बंदुका हाताशी असलेल्या माणसानं बंदूक न चालवता केलेली सत्तापालट, आणि तीही त्या मुलुखात.

साधेपणाच्या गोष्टी मुलं स्वतःहून शोधतील, त्यांचा मी फार विस्तार करत नाही. चापुल्तेपेकच्या महालात राहायला त्यानं नकार दिला, पुढं तो महाल इतिहासाचं संग्रहालय झाला. जुगाराचे अड्डे बंद केले. रोज एक तास तारघरातून राष्ट्राध्यक्षाला फुकट तार करण्याची सोय दिली. तेव्हा एक किस्सा लोक मिटक्या मारत सांगत. सचिव सकाळची कामं वाचून दाखवतोय. बँकेतली गंगाजळी आटली. अर्थमंत्र्यांना सांगा. शेतीचं उत्पादन घसरलं. शेतीमंत्र्यांना सांगा. मग एका खेड्यातल्या माणसाची तार निघते: मका वाळला, गाढव मेलं, डुकरीण चोरीला गेली, पोर आजारी आहे. "माझी गाडी तयार करा," राष्ट्राध्यक्ष उठतात, "मी तिकडे निघालो." किस्साच आहे, पण तो त्याचाच सांगितला जायचा, आधीच्या कुणाचा नाही.

खरं काम जमिनीचं. सहा वर्षांत सुमारे १ कोटी ८० लाख हेक्टर जमीन सुमारे ८ लाख शेतकऱ्यांना वाटली गेली. त्याआधीच्या सगळ्या सरकारांनी मिळून एवढी वाटली नव्हती. पद्धत होती एहिदोची. जमीन गावाच्या नावे, कसायचा हक्क कुटुंबाला, विकायची नाही आणि गहाणही टाकायची नाही. सावकाराच्या घशात गेलेल्या जमिनींचा इतिहास असलेल्या आपल्या मुलखात ही अट वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. फक्त गहाण नाही तर कर्ज कुठलं, म्हणून एहिदोंसाठी वेगळी सरकारी बँक काढली. ही बँक लक्षात ठेवा.

ला लागुना हा तोर्रेओन शहराभोवतीचा कापसाचा पट्टा. १९३६ मध्ये तिथल्या शेतमजुरांनी मोठा संप केला. ऑक्टोबरमध्ये कार्देनासनं हुकूम काढला, स्वतः तिथं जाऊन मुक्काम ठोकला, आणि काही आठवड्यांत तीस हजारांहून अधिक मजुरांना ओलिताची जमीन मिळाली. कृषी-अभियंते दोऱ्या घेऊन शेताशेतांतून धावत होते. पण जुन्या मालकाला १५० हेक्टर ठेवायची मुभा होती, आणि ती कुठली ते मालकानंच निवडायचं. मालकानं काय निवडलं असेल? विहीर, पंप, गोदाम आणि त्याच्या भोवतीची जमीन. एहिदोला मिळालं बाकीचं रान. शिवाय नदीला पाणी किती आणि वाटेकरी किती, हा हिशेब घाईत राहून गेला. सीलिंगच्या कायद्यात आपल्याकडे कुणी काय काय वाचवलं हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना मालकांची ही निवड वाचून अजिबात आश्चर्य वाटणार नाही. तरीही तीस हजार माणसं त्या हंगामात दुसऱ्याच्या शेतात मजुरीला गेली नाहीत, हे खोटं होत नाही.

आता एक साखर कारखाना. हे वाचून सांगली-कोल्हापूर-नगरकडची मंडळी सावरून बसतील. मोरेलोस हा सापाताचा प्रांत, ऊस पिकवणारा. तिथं साकातेपेक गावी सरकारनं मोठा कारखाना उभारला आणि १९३८ मध्ये तो ऊस उत्पादक आणि कामगार यांच्या सहकारी संस्थेच्या हवाली केला. कारखान्याला नाव दिलं एमिलियानो सापाता. अशा कारखान्याची मागणी लावून धरणाऱ्यांत रुबेन हारामियो हा सापाताच्या फौजेतला जुना शिपाई होता, तोच संचालक मंडळाचा पहिला अध्यक्ष झाला. पण कारखान्याचा व्यवस्थापक सभासदांनी निवडायचा नव्हता, तो वरून नेमला जायचा. कार्देनास सत्तेवर होता तोवर निभावलं. तो उतरल्यावर व्यवस्थापक मालकासारखा वागू लागला, उसाच्या भावावरून आणि मजुरीवरून भांडण पेटलं, हारामियोला बाहेर काढलं गेलं, आणि १९४३ मध्ये त्यानं पुन्हा बंदूक उचलली. मग माफी, मग पुन्हा लढा, मग पुन्हा माफी. १९६२ च्या मे महिन्यात सैनिकांनी त्याला बायकोमुलांसकट घरातून उचललं आणि सगळ्यांना ठार केलं. कारखाना सहकारी, नाव सापाताचं, पक्ष क्रांतीचा, आणि मेला कोण तर सापाताचा शिपाई. मला विचाराल तर स्पर्धेतल्या एखाद्या मुलानं सगळा वेळ फक्त साकातेपेकला दिला तरी त्याला पहिलं बक्षीस द्यावं.

तेलाची गोष्ट मेक्सिकोतल्या प्रत्येक पोराला पाठ असते. १९२० च्या दशकात कार्देनास तेलपट्ट्यातला लष्करी अधिकारी होता. कंपन्यांनी त्याच्यासाठी नवी कोरी पॅकार्ड गाडी पाठवली आणि त्यानं ती परत केली, असं त्याचे चरित्रकार सांगतात. कंपन्यांच्या गोऱ्या वसाहती आणि शेजारच्या मजुरांच्या झोपड्या त्यानं तिथं रोज पाहिल्या. १९३७ मध्ये तेल कामगारांनी संप केला. लवादानं कामगारांना २ कोटी ६० लाख पेसोंची वाढ दिली, १ मार्च १९३८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली, आणि कंपन्यांनी चक्क न्यायालयाचा निकाल मानायला नकार दिला. शेवटच्या बोलण्यांत एका प्रतिनिधीनं विचारलं, मागण्या यापुढे वाढणार नाहीत याची हमी कोण देणार. कार्देनास म्हणाला, मी देतो. समोरचा हसून म्हणाला, तुम्ही? बैठक तिथंच संपली, असं सांगतात. १८ मार्चच्या रात्री दहाच्या सुमारास त्यानं रेडिओवरून विदेशी तेल कंपन्या राष्ट्राच्या मालकीच्या केल्याचं जाहीर केलं. त्यात शेलची आणि स्टँडर्ड ऑइलची कंपनीही होती. जमिनीखालचं सगळं राष्ट्राचं, असं १९१७ च्या राज्यघटनेच्या २७ व्या कलमात लिहिलेलं होतंच. वीस वर्षं ते कागदावर होतं.

१२ एप्रिल रोजी राजधानीतल्या कलामंदिरात नुकसानभरपाईच्या निधीसाठी बायकांची रांग लागली. लग्नातल्या अंगठ्या, शिवणयंत्रं, काखेत कोंबडी. जमलेली रक्कम देण्याच्या मानानं चिल्लर होती, तरी त्या दिवसाची छायाचित्रं अजून छापली जातात. ब्रिटनशी राजनैतिक संबंध तुटले. अमेरिकेनं दम दिला, पण युद्ध तोंडावर आलं होतं, त्यामुळे १९४२ मध्ये सुमारे २ कोटी ४० लाख डॉलरवर तडजोड झाली. मधल्या काळात कंपन्यांनी बहिष्कार घातला, आणि माल विकायला मेक्सिकोला गिऱ्हाईक मिळालं ते जर्मनी आणि इटलीचं. ऑस्ट्रिया गिळल्याबद्दल हिटलरचा राष्ट्रसंघात निषेध करणाराही मेक्सिकोच, तेलाच्या घोषणेच्या दुसऱ्याच दिवशी, १९ मार्चला. स्पेनच्या यादवीत हरलेल्या हजारो निर्वासितांना आणि स्टालिननं हाकललेल्या ट्रॉट्स्कीला ज्यानं थारा दिला, त्याच माणसानं नाझींना तेल विकलं. देश चालवणं हे असं असतं, हे सोळा वर्षांच्या मुलाला कळायला काहीच हरकत नाही.

मुलींसाठी एक वेगळी नोंद. कार्देनासनं बायकांना मताचा हक्क देणारी घटनादुरुस्ती मांडली. ती संसदेत मंजूर झाली, प्रांतांच्या विधिमंडळांनीही मान्य केली. उरलं होतं फक्त औपचारिक जाहीर करणं, आणि ते केलंच नाही. बायका पाद्र्यांचं ऐकून विरोधकांना मत देतील, ही भीती. देशपातळीवर मताचा हक्क मिळायला १९५३ उजाडलं. कोंबडी घेऊन रांगेत उभं राहायला बायका चालतात, मतपेटीपुढे चालत नाहीत. यावर एखादी मुलगी काय बोलेल ते ऐकायला मला आवडेल.

आता माझ्या पत्राचं खरं कारण. तेल घेतल्यावर बाराच दिवसांनी, ३० मार्च १९३८ रोजी, कार्देनासनं काय्येसचा पक्ष मोडून नवा बांधला. त्यात चार कप्पे: कामगार, शेतकरी, सैनिक, आणि नोकरदार वगैरे मध्यम वर्ग. माणूस संघटनेत आला की पक्षात आला. हेतू असा की सेनापतींच्या टोळ्यांऐवजी कष्टकऱ्यांच्या हाती पक्ष यावा. झालं असं की जमीन हवी तर पक्षाची शेतकरी संघटना, पगारवाढ हवी तर पक्षाची कामगार संघटना, आणि पेरणीला कर्ज हवं तर ती मघाची सरकारी बँक. बँकेचा साहेब आणि पक्षाचा साहेब एकाच ताटात जेवणारे. ज्याला जमीन मिळाली तो मतदार म्हणून कायमचा बांधला गेला. कार्देनासनं ते बांधण्यासाठी केलं असं मी म्हणत नाही. पण दोर त्याच्याच कारखान्यात वळला गेला.

१९४० मध्ये मुदत संपली. पुन्हा उभं राहायचं नाही, हा मेक्सिकोच्या क्रांतीचा दंडक, आणि त्यानं तो पाळला. काय्येससारखा पडद्यामागून लगामही धरला नाही. यासाठी त्याला शंभर गुण. मात्र वारस निवडताना त्याचा जुना मित्र आणि तेलाच्या प्रश्नात पाठीशी असलेला फ्रान्सिस्को मुहिका मागं राहिला आणि मवाळ मानुएल आविला कामाचो पुढं आला. समोर जनरल आल्मासान होता, शहरांतून त्याला मोठा पाठिंबा होता. ७ जुलैला मतदानाच्या दिवशी राजधानीत गोळ्या चालल्या, मतपेट्या पळवल्या गेल्या, माणसं मेली. अधिकृत निकाल लागला तेव्हा सरकारी उमेदवाराला नव्वद टक्क्यांहून अधिक मतं. ही निवडणूक कार्देनासच्या कारकिर्दीत झाली. पंचेचाळीस वर्षांचा राष्ट्राध्यक्ष नियमाप्रमाणे घरी गेला, आणि पक्ष खुर्चीत राहिला. १९४६ मध्ये त्याच पक्षानं आजचं नाव घेतलं. १९२९ पासून धरलं तर तो २००० सालापर्यंत, म्हणजे ७१ वर्षं, राष्ट्राध्यक्षपदावरून हलला नाही.

पुढचं ऐका. कार्देनासचा मुलगा क्वाउतेमोक, वडील राष्ट्राध्यक्ष झाले त्याच वर्षी, १९३४ मध्ये, जन्मलेला. १९८७ मध्ये तो या पक्षातून बाहेर पडला आणि १९८८ मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाविरुद्ध उभा राहिला. ६ जुलैच्या रात्री मतमोजणीत तो पुढं असल्याचं दिसू लागलं आणि मोजणीची संगणक यंत्रणा बंद पडली. ती सुरू झाली तेव्हा पक्षाचा कार्लोस सालिनास जिंकलेला होता. याच सालिनासनं १९९२ मध्ये २७ वं कलम बदलून जमीनवाटप संपवलं आणि एहिदोच्या जमिनी विकायची वाट मोकळी केली. बापानं उभारलेल्या यंत्रानं लेकाची मतं खाल्ली आणि बापाची जमीनही. एखाद्या नाटककारानं असं लिहिलं असतं तर आपण म्हटलं असतं, जरा अती झालं.

कार्देनास स्वतः १९ ऑक्टोबर १९७० रोजी गेला. त्याच्या दोन वर्षं आधी, ऑक्टोबर १९६८ मध्ये, त्याच पक्षाच्या सरकारनं तलातेलोल्कोच्या चौकात विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडलेल्या त्यानं पाहिल्या. पक्ष त्यानं सोडला नाही.

तर आयोजकहो, 'सेनानी हवा' म्हणून बाजू मांडणाऱ्या मुलाला विचारा, हवाय तो काय्येसला विमानात बसवणारा, की १९४० च्या मतपेट्यांवर गप्प बसणारा? माणूस एकच आहे, यातला अर्धा निवडता येत नाही. आणि 'नको' म्हणणाऱ्याला विचारा, मग ला लागुनातल्या मजुराला जमीन कुणी दिली असती? दोन्ही मुलं अडखळतील. अडखळू द्या. परीक्षक म्हणून आपण भाषणानंतर एकच प्रश्न विचारायचा आणि त्याच्या उत्तराला आवाजापेक्षा जास्त गुण ठेवायचे, एवढा बदल गुणपत्रिकेत करता आला तर पाठांतरावर जिंकणारी निम्मी भाषणं आपोआप गळतील. पालकांच्या तक्रारी येतील, शिक्षकही कुरकुरतील, कारण तयार भाषणाच्या झेरॉक्स निरुपयोगी होतील.

'सेनानी' हा शब्दच विषयातून काढा, अशी सूचना मागे एका सहपरीक्षकांनी केली होती. मला ती पटत नाही. मुलांना लढणारी माणसं आवडतात, आवडू देत. फक्त भाषण राज्यारोहणापाशी संपलं तर गुण निम्मेच, हे पत्रकावर आधी छापा, म्हणजे निकालाच्या दिवशी कटकट नको. पत्रकं साधारण ऑगस्टमध्ये छापायला जातात. त्याआधी समितीची बैठक असेल तर हे पत्र तिच्यापुढे ठेवावं. नावांचे उच्चार, तारखा आणि मेक्सिकोचा एक नकाशा असं दोन पानी टिपण मी तयार केलंय, ज्या शाळेला हवं असेल तिला विनामूल्य पाठवीन.

कळावे, लोभ असावा.

आपला,
इतिहासाचा एक निवृत्त शिक्षक आणि अधूनमधून परीक्षक